बालेवाडीवरचे चार फुटबॉल संघ

मे २०१५. आय-लीग या देशाच्या फुटबॉल लीगचा हंगाम संपला आणि गोव्याचा डेम्पो खालच्या विभागात ढकलला गेला. डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला संघ. गंमत अशी, की अकरा संघांच्या तक्त्यात तो शेवटचा नव्हताच, दहावा होता. अकराव्या जागेवर होता पुण्याचा भारत एफसी. कंपनीच्या पैशातून थेट वरच्या विभागात घेतलेल्या नव्या संघाला पडझडीपासून नियमानं अभय होतं. त्यामुळे तळाचा वाचला आणि त्याच्या वरचा बुडाला.

पुढच्याच हंगामात त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. या खेपेला संघ नऊ होते. शेवटचा आला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, आणि खाली जाण्याची पाळी आली मिझोरामच्या आयझॉल एफसीवर. पण गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावणं आलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून याच आयझॉलनं आय-लीग जिंकली. ईशान्येकडच्या संघानं देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यांचा प्रशिक्षक खालिद जमील. मुंबईच्या महिंद्रासाठी खेळलेला आणि नंतर मुंबई एफसीला अनेक वर्षं सांभाळलेला हा माणूस ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

आणि नियमानं ज्यांना वाचवलं ते पुण्याचे संघ? भारत एफसी एका हंगामानंतर दिसेनासा झाला. शिवाजियन्सनं २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. शिवाजियन्सच्या आधी पुणे एफसी गेला होता, त्यांच्यामागून २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गेला. चौघांचंही घरचं मैदान एकच, बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. २०१५ ते २०१९ एवढ्या अवधीत चारही संघ तिथून गेले. खेळात हरल्यामुळे खालच्या विभागात गेला आणि म्हणून संपला, असं या चारांतल्या एकाही संघाचं झालं नाही.

या इतिहासाकडे बघायला तुंगार्लीसारखी जागा नाही. लोणावळ्याच्या वरच्या अंगाची ही वस्ती मुंबई आणि पुण्याच्या अधेमधे आहे. लोणावळ्याहून रेल्वेनं पुणे ६४ किलोमीटर, मुंबई १२८. घाटाखालच्या मुंबईत फुटबॉलची परंपरा जुनी. तिथे रोव्हर्स चषकाची सुरुवात झाली १८९१ मध्ये, आणि कूपरेजचं मैदान दीर्घकाळ देशभरातल्या संघांना परिचित राहिलं. घाटावरच्या पुण्यात लष्करी छावण्या होत्या, मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, जिल्हा लीग होती. पण देशाच्या वरच्या लीगमध्ये दबदबा असलेला संघ पुण्याला मिळाला तो एकविसाव्या शतकात.

तो आला तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय याची सूचना मुंबईनं देऊन टाकली होती. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ १९६२ सालचा. २००० मध्ये त्याचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. ड्युरंड चषक तीनदा, फेडरेशन चषक दोनदा आणि डेरिक परेरा प्रशिक्षक असताना २००५-०६ची राष्ट्रीय लीग, एवढं त्याच्या खात्यावर जमा होतं. आशियाई क्लबांच्या एएफसी चषकात २००७ साली तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलकडे लक्ष वळवायचं आहे, असं कारण दिलं गेलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आटोपायला एक निर्णय पुरला.

पुणे एफसीचा जन्म २००७ चा. त्याच वर्षी जुनी राष्ट्रीय लीग मोडून आय-लीग सुरू झाली. मागे उभा होता अशोक पिरामल समूह. दुसऱ्या विभागातून सुरुवात करून २००९ मध्ये हा संघ रीतसर, खेळून वर आला. आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तो तिसरा आला, डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या मातब्बरांच्या पाठोपाठ. त्याच डेरिक परेरांच्या हाताखाली २०१२-१३ मध्ये तो दुसरा आला. संघाचं टोपणनाव होतं ‘रेड लिझर्ड्स’. सिंहगडाच्या पायथ्याच्या शहरात असं नाव ऐकल्यावर कुणाला तानाजीची घोरपड आठवली नसेल तरच नवल.

दुसऱ्या क्रमांकामुळे आशियाचं दार उघडलं. २०१४ मध्ये व्हिएतनामच्या हनोई टी अँड टीकडून हरल्यानं चॅम्पियन्स लीगची वाट पात्रता फेरीतच बंद झाली, पण एएफसी चषकाच्या गटात हाँगकाँगचा किची, सिंगापूरचा टॅम्पिनीज रोव्हर्स आणि म्यानमारचा ने प्यी तॉ यांच्याशी गाठ पडली. सात वर्षांपूर्वी अस्तित्वात नसलेला पुण्याचा संघ आशियाच्या वेळापत्रकात आला होता.

या संघातला अराता इझुमी हा एक वेगळाच नमुना. जन्म जपानचा, आई जपानी, वडील भारतीय. ईस्ट बंगाल आणि महिंद्रा असा प्रवास करत तो पुण्याला आला आणि इथे रमला. भारताकडून खेळायचं तर दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यानं जपानचं पारपत्र सोडलं आणि नीलकंठ खंभोळजा या नावानं भारतीय झाला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघाची जर्सी त्याच्या अंगावर आली.

क्लबनं २०११ मध्ये अकादमी काढली. तिचं ठिकाण मामुर्डी, म्हणजे मावळच्या अगदी वेशीवर. शेजारी गहुंजे, जवळचं स्टेशन देहूरोड. तुंगार्लीतल्या एखाद्या पोरानं लोणावळ्याला पुणे लोकल पकडली, की मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत तो तासाभरात तिथे उतरावा. मिझोराम, केरळ, गोवा अशा लांबच्या प्रांतांतली मुलं मात्र तिथे मुक्कामालाच येत. युवा आय-लीगची विजेतेपदं या अकादमीनं मिळवली. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन इथेच घडला.

मग गाडं अडलं कुठे?

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सबरोबर पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली. एका शहराला एक संघ, आणि ती जागा खेळून नव्हे तर बोली लावून मिळायची. पुण्याची जागा वाधवान समूहाला गेली. सोबत अभिनेता हृतिक रोशन आणि इटलीतला फिओरेंटिना क्लब. या नव्या एफसी पुणे सिटीसाठी पहिल्या वर्षी विश्वविजेत्या फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे खेळला, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू. सामने संध्याकाळी, दिव्यांच्या झगमगाटात, टीव्हीवर. जुन्या संघाच्या वाट्याला तेच मैदान, पण बहुधा दुपारचं ऊन आणि मोजके प्रेक्षक.

पुणे एफसीची खरी कोंडी या ‘एका शहराला एक संघ’ धोरणानं केली. बेंगळुरूशी ताडून बघितलं की ती स्पष्ट होते. बेंगळुरू एफसी हासुद्धा कंपनीचाच संघ, जेएसडब्ल्यूचा, आणि २०१३ मध्ये थेट प्रवेश मिळालेला. पण बेंगळुरूला आयएसएलचा संघ नव्हता. त्यामुळे दोनदा आय-लीग जिंकून २०१७ मध्ये हा संघ जसाच्या तसा आयएसएलमध्ये जाऊ शकला. पुण्याची खुर्ची आधीच भरलेली होती. पुणे एफसीनं विजेतेपद पटकावलं असतं तरी वर जायला जिना नव्हता. ज्या लीगकडे प्रायोजक पाठ फिरवत होते तिच्यात वर्षानुवर्षं कोट्यवधी ओतत राहायचं, एवढंच मालकांच्या हाती उरलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये हा संघ ड्युरंड चषकाची अंतिम लढत साळगावकरविरुद्ध एका गोलनं हरला. वर्षभरात त्यानं आय-लीगमधून माघार घेतली. २०१६ मध्ये मामुर्डीची अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली. आशिक कुरुनियनसारख्या मुलांचा क्लब बदलला, सरावाचं गाव तेच राहिलं.

बाकीच्या तिघांची गोष्ट लवकर आटपते. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४ च्या अखेरीस निघाला आणि २०१५ मध्ये मावळला. शिवाजियन्स हा मूळचा १९८७ चा स्थानिक क्लब. डीएसके समूहानं हात दिल्यावर तो मोठा झाला, लिव्हरपूलच्या सहकार्यानं त्याची अकादमी निघाली. मिझोरामचा लालियनझुआला छांगटे याच क्लबमधून पुढे आला आणि भारताचा आघाडीचा खेळाडू झाला. समूह आर्थिक गर्तेत गेला तेव्हा त्याच्यासोबत क्लबही गेला. एफसी पुणे सिटीनं २०१७-१८ मध्ये आयएसएलची उपांत्य फेरी गाठली. नारिंगी कपड्यांतली ‘ऑरेंज आर्मी’ बालेवाडीत ढोल बडवत होती. दीड वर्षानं मालकांवर आर्थिक संकट कोसळलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याची जागा नव्या मालकांनिशी हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीनं २०२२ मध्ये आयएसएल जिंकली.

मालक बुडाला की संघ बुडतो, हे काही भारतापुरतं नाही. लिथुआनियाचा एफबीके काउनास हा आठ वेळचा राष्ट्रीय विजेता. ऑगस्ट २००८ मध्ये त्यानं चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्कॉटलंडच्या रेंजर्सला बाहेर काढलं, त्याच रेंजर्सना जे जेमतेम तीन महिन्यांपूर्वी यूएफा चषकाची अंतिम लढत खेळले होते. काउनासमागे बँकर व्लादिमिर रोमानोव होता. स्कॉटलंडचा हार्ट्स क्लबही त्याच्याच ताब्यात होता. पैशाचा झरा आटला. काउनास २०१२ च्या सुमारास संपला, पुढच्या वर्षी रोमानोवची बँकही कोसळली. हार्ट्स मात्र तगला. त्याच्या चाहत्यांनी संस्था काढली, हजारोंनी दरमहा वर्गणी भरली, आणि २०२१ मध्ये क्लबची बहुसंख्य मालकी त्यांच्या हाती आली. मालक एकच, संकट एकच. एका गावात वर्गणी भरणारे लोक होते, दुसऱ्या गावात नव्हते.

वर्गणीचं गणित मराठी माणसाला नवं नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे संघ कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात नाहीत. ते पेठेचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्यात सामना लागला की अर्धं शहर तिथे असतं. हे संघ आय-लीग खेळलेले नाहीत, परदेशी तारे त्यांना परवडत नाहीत, कधी कधी ईर्ष्या हाताबाहेरही जाते. पण एखादा देणगीदार फिरला म्हणून तालीम बंद पडली, असं होत नाही.

मैदानाचं उदाहरण तर मावळातच आहे. गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम २०१२ मध्ये खुलं झालं. पुणे वॉरियर्स नावाचा आयपीएल संघ २०१३ मध्ये संपला, रायझिंग पुणे दोन हंगामांपुरताच होता. तरी गहुंजेत क्रिकेट थांबलं नाही. २०२३ च्या विश्वचषकाचे सामनेही तिथे झाले. कारण मैदान संघाच्या मालकाचं नाही, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं आहे. बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारनं बांधली. फुटबॉल क्लब तिथे भाडेकरू होते.

या क्लबांनी काहीच ठेवलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. ६ जानेवारी २०१९ रोजी अबुधाबीत आशिया चषकाच्या सामन्यात भारतानं थायलंडला ४-१ असं हरवलं. त्या स्पर्धेतला १९६४ नंतरचा तो पहिला विजय. सुनील छेत्रीसोबत आघाडीला आशिक कुरुनियन होता. शेवटी बदली म्हणून जेजे लालपेखलुआ उतरला, आणि चेंडू अलगद उचलून त्यानं चौथा गोल केला. आशिक मामुर्डीच्या अकादमीतला, तर जेजे ऐन उमेदीत पुणे एफसीच्या जर्सीत खेळलेला. त्या दिवशी पुणे एफसी बंद होऊन तीन वर्षं उलटली होती.

आयएसएललाही पुढे तोच प्रश्न भेडसावला. मूळ पंधरा वर्षांचा करार संपत आल्यावर, जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी पुढचा हंगामच रोखून धरला. ज्या लीगसाठी आय-लीगचे संघ वाऱ्यावर सोडले गेले, तिचेच संघ सराव थांबवून निर्णयाची वाट बघत बसले.

पुणे जिल्ह्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची वाण नाही, पैसे लावणाऱ्या समूहांचीही कधी नव्हती. वाण आहे ती मालक उठून गेल्यावर क्लबवर हक्क सांगू शकणाऱ्या सभासदांची. उद्या कुणी पुण्याच्या नावानं पाचवा संघ काढलाच, तर जर्सीचा रंग आणि परदेशी खेळाडूंची यादी नंतर बघावी. आधी त्यांनी मैदानाचा दीर्घ मुदतीचा करार दाखवावा, सभासदांना घटनेनं किती मतं दिली आहेत ते सांगावं, आणि लोणावळा-तळेगावपासून हडपसरपर्यंतच्या लोकांकडून वर्षाची वर्गणी मागावी. ती न मागणाऱ्या संघाच्या मागे धावायला पुण्याच्या प्रेक्षकांनी सरळ नकार द्यावा.