नंदीध्वजाची वाट

संक्रांत जवळ आली की सोलापुरात महानगरपालिकेची माणसे काही ठरावीक रस्त्यांची पाहणी करू लागतात. श्रीसिद्धरामेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी ल्यालेले भक्त सात उंच नंदीध्वज तोलीत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात. त्यांची दृष्टी ध्वजाच्या तोलाकडे लागलेली असते, म्हणून त्यांच्या पायांखालचा खड्डा आधीच बुजवावा लागतो आणि वाटेत आडव्या आलेल्या तारा व फांद्या दूर कराव्या लागतात. चालणाऱ्याचे पाऊल हे प्रमाण मानून रस्ता तपासण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते, आणि शहराच्या उरलेल्या रस्त्यांवर वर्षभर तिचा अंमल कसा होऊ शकेल, हे पाहण्यासाठी नगरसंस्थेचा कारभार थोडा जवळून समजून घेतला पाहिजे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. तिची महानगरपालिका झाली १ मे १९६४ रोजी. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्ते बांधणे, ते दुरुस्त राखणे व त्यांवर दिवाबत्ती करणे ही तिची बंधनकारक कर्तव्ये ठरविली आहेत. परंतु वेगाची मर्यादा, एकेरी वाहतूक किंवा जड वाहनांना शहरात कोणत्या प्रहरी मज्जाव करावयाचा, याचे हुकूम पोलीस आयुक्तालयातून निघतात; आणि १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले तेव्हा भोवतालच्या गावांबरोबरच पुणे, हैदराबाद व विजापूरकडे जाणाऱ्या महामार्गांच्या कडेची वस्तीही शहराच्या पोटात आली. महामार्ग केंद्राचा, दिवा पालिकेचा, शिपाई पोलीस खात्याचा आणि रस्ता ओलांडणारे लेकरू मात्र एकट्या आईबापांचे, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत या साऱ्या खात्यांना एकत्र बसावे लागते, आणि तेथे झालेली मसलत ज्या प्रमाणात अंमलात येते त्या प्रमाणातच चौक सुधारतो.

काम सुरू होते ते अपघाताच्या नोंदीपासून. महामार्गाच्या पाचशे मीटर लांबीच्या टप्प्यात तीन वर्षांत प्राणांतिक वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले, किंवा दहा माणसे दगावली, तर त्या जागेस ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. मग अभियंते व पोलीस संयुक्त पाहणी करतात, वळणावर दृष्टी कोठे अडते, दुभाजकातील वाट कोठे चुकली आहे, उजेड कोठे कमी पडतो हे टिपतात. अंदाजपत्रक तयार होते, मंजुरी मिळते, निविदा निघते. दुभाजकातील अवैध फट बुजविणे, पट्टे मारणे, फलक लावणे ही कामे अल्प खर्चाची व लवकर होण्याजोगी असतात. चौकाची रचनाच बदलावयाची तर मात्र भूसंपादनापासून आरंभ करावा लागतो. सदोष रचना वा निगराणीमुळे माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर संबंधित अधिकारी व कंत्राटदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आली, ही गोष्ट नागरिकांस ठाऊक असावयास हवी.

अपघात झाला की गल्लीतून पहिली मागणी येते ती गतिरोधकाची. ज्या घराच्या दारात मूल पडले त्या घराला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काहीतरी उभे राहिलेले पाहावयाचे असते, आणि ती व्याकुळता समजण्यासारखी आहे. पण घाईने टाकलेला डांबराचा अरुंद, उभट ढीग हा नवा धोकाच होय: रात्री तो दिसत नाही, आणि दुचाकीवर मागे बसलेली, कडेवर मूल घेतलेली स्त्री त्यावरून उडून पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व अवघा १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरच्या सुमारास आलेले वाहन त्यावरून अलगद उतरते. त्यावर पट्टे आणि त्याच्या अलीकडे सूचनाफलक हवाच. वेगाला एवढे महत्त्व का, तर तो तिसावरून साठावर गेला म्हणजे आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. जलवाहिनीसाठी खणलेल्या चराची कथाही निराळी नाही: माती नीट न दाबता वर डांबर ओतले, की पहिल्या पावसात तो खचतो आणि सायकलचे चाक त्यात अडकते. चर कोणी खणला याइतकाच तो कोणी, कधी व कसा बुजविला याचा हिशेब दप्तरी असला पाहिजे.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि एकोणीस-वीस टक्के पायी चालणारी होती. सोलापूर हे यंत्रमागांचे आणि विड्यांचे गाव. पूर्व भागातील हजारो स्त्रिया तयार विड्या कारखान्यात पोहोचवून पाने-तंबाखू घेऊन घरी येतात, आणि पदपथ जेथे टपरीने वा उभ्या वाहनाने अडलेला असतो तेथे त्यांना वाहत्या रहदारीत उतरावे लागते. पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर असावी असे प्रमाण आहे. फेरीवाल्यांनाही पोट आहे, म्हणून त्यांच्यासाठी २०१४ च्या कायद्याप्रमाणे जागा नेमून देणे हे पदपथ मोकळा करण्याच्या कामाचाच भाग समजले पाहिजे.

संयुक्त पाहणी दिवेलागणीच्या वेळी आणि पायी व्हावी, एवढी माझी मागणी आहे. हैदराबाद रस्त्याने विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडे निघावे, बंद पडलेल्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि डोक्यावर ओझे असलेल्या बाईला रस्ता ओलांडण्यासाठी किती वेळ उभे राहावे लागते, ते हातातल्या घड्याळावर मोजावे.