चुरगळलेलं बॉनेट, शाबूत दार

खंबाटकी ओलांडून साताऱ्याकडे येताना कडेला अपघातातली गाडी दिसली की कुणीतरी म्हणतंच, “पत्रा बघा, कागदासारखा! जुन्या गाड्या किती दणकट होत्या!”

तीच गाडी जरा नीट पाहा. बॉनेटच्या घड्या झाल्यात, पण दार उघडतंय, स्टिअरिंगमागे पाय ठेवायला जागा आहे. हे नाक चुरगळावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं.

तासगावची द्राक्षपेटी आदळली की पुठ्ठा चेपतो, घड वाचतो. गाडीचं नाक म्हणजे तो पुठ्ठा. ते दुमडायला जो निमिषभर वेळ लागतो, तेवढ्या वेळात धक्का विभागला जातो. न वाकणारी जुनी गाडी तोच धक्का थेट छातीपर्यंत पोचवायची. मात्र माणसं बसतात तो सांगाडा अजिबात दबता कामा नये.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांची सुरक्षा-चाचणी नेमकं हेच तपासते. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीच्या तोंडाचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळवतात; आतल्या पुतळ्यांच्या डोक्याला, छातीला, पायांना किती मार बसला ते मोजून तारे देतात. पण ही चाचणी ऐच्छिक आहे. सक्तीच्या चाचणीत वेग ५६च असतो.

कुठे किती वेल्डिंग, कुठे कठीण पोलाद, हे रंगाखाली दिसत नाही. गिऱ्हाइकाला जे तपासताच येत नाही, त्याची जबाबदारी बनवणाऱ्याचीच. ताऱ्यांची चाचणी सक्तीची व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर सांगलीच्या शोरूममध्ये दोन प्रश्न विचाराच: मोठ्यांसाठी तारे किती आणि मुलांसाठी किती? दोन्ही वेगवेगळे दिले जातात.