वस्तऱ्याचा शिक्का

जुना वस्तरा हातात आला की धार मी नंतर बघतो, आधी पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का. इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन ही वस्तऱ्यांची दोन माहेरघरं. 'शेफील्ड'च्या जोडीला 'इंग्लंड'ही कोरलेलं असेल, तर माल बहुधा १८९१ नंतरचा. १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं होतं. जाड, पाचरीच्या आकाराचं पातं सहसा त्याहून जुनं. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेली पातळ पाती नंतर आली.

मुठीबाबत मात्र सावध असावं. हस्तिदंत म्हणून दाखवतात ते पुष्कळदा सेल्युलॉइड निघतं. (खरं हस्तिदंत असेल तर आणखीच पंचाईत; भारतात त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे.) सेल्युलॉइड कुजू लागलं की आम्लाची वाफ सुटते आणि पातं मुठीतल्या मुठीत गंजतं. शेजारचे वस्तरेही मग वाचत नाहीत, म्हणून असले नग मी वेगळे, उघड्यावर ठेवतो.

आणि घरात आजोबांचा वस्तरा सापडलाच, तर कृपा करून पॉलिशवाल्याकडे नेऊ नका. चकाकी येते, पण कोरीव अक्षरं जातात. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, बस्स.