आद्य मोटार-स्टार्टरमधील यांत्रिक दोषांचे निदान

चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विद्युत्-स्टार्टर कॅडिलॅक कंपनीने आपल्या १९१२ च्या मोटारींत बसविला. हँडल मारताना एंजिनाच्या उलट झटक्याने मनगट मोडण्याचे भय त्यामुळे दूर होऊ लागले. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीतही १९१९ पासून कारखान्यातच बसविलेला स्टार्टर मिळू लागला. मात्र या सोयीबरोबर निदानाचा एक नवा प्रश्न उद्भवला. कळ दाबूनही एंजिन फिरत नाही, हे लक्षण एकच असले तरी त्याचे मूळ विद्युत्-मंडलात असू शकते, तसेच यंत्रभागांतही असू शकते. हा भेद प्रथम न केल्यास निर्दोष भाग उकलले जातात आणि खरा दोष तसाच राहतो.

मॉडेल टी व तत्कालीन अनेक मोटारींत बेंडिक्स पद्धतीची योजना होती. तीत मळसूत्री नळीवर एक लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, सैलसर बसविलेले असते. मोटर एकाएकी फिरू लागली की जडत्वामुळे पिनियन मागे रेंगाळते, मळसूत्रावरून पुढे सरकते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते. या वेळचा आघात एक जाड स्प्रिंग सोसते. एंजिन चालू होताच फ्लायव्हील पिनियनला अधिक वेगाने फिरवून मागे लोटते.

बॅटरी पूर्ण भारित आहे, म्हणजे तिच्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १·२८ आहे, याची खात्री करून दिवे लावावेत व कळ दाबावी. दिव्यांचा प्रकाश मुळीच मंदावला नाही, तर प्रवाह मोटरपर्यंत पोचत नाही. दोष बहुधा स्विच, जोडण्या किंवा ब्रश यांत असतो. मोटर नुसतीच घरघरत फिरत असेल, तर मळसूत्रावर चिकट मळ साचला आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे असे समजावे. मळ रॉकेलने धुवावा. जाड तेल लावू नये, कारण त्यावर धूळ बसून पिनियन पुन्हा अडते.

दिवे अगदी मंदावले आणि मोटर फिरली नाही, तर पिनियन दात्यांत रुतले असण्याचा संभव असतो. अशा वेळी कळ दाबून धरणे घातक होय. स्थिर आर्मेचरमधून वाहणाऱ्या प्रचंड प्रवाहाने वेटोळी जळतात. इग्निशन बंद करून व वरचा गिअर टाकून मोटार मागेपुढे हलविली असता पिनियन बहुधा सुटते. चार सिलिंडरांचे एंजिन सामान्यतः दोन ठराविक स्थानीच थांबते. म्हणून तेथील दाते अधिक झिजतात. मोटार थोडी ढकलल्यावर स्टार्टर नीट चालत असेल, तर या झिजेचा संशय घ्यावा. पिनियन सुटूनही मोटर अडत असेल, तर एंजिन हँडलने फिरवून तेच जखडलेले नाही ना, हे पाहावे.

यापुढील परीक्षा स्टार्टर काढून भाराविना करावी. प्रवाह अधिक व वेग कमी आढळल्यास झिजलेले बुश, वाकलेला दंड किंवा ध्रुवखंडांना घासणारे आर्मेचर यांचा शोध घ्यावा. परंतु आर्मेचरमधील लघुमंडलही हेच लक्षण दाखविते. ब्रश उचलून दंड हाताने फिरविला असता तो जड फिरल्यास दोष यांत्रिक होय. हलका फिरल्यास लघुमंडलाची परीक्षा करणे अवश्य ठरते. प्रवाह व वेग दोन्ही कमी असतील, तर ब्रश किंवा कॉम्युटेटर यांच्या ठिकाणचा वाढलेला रोध हे कारण संभवते.

सारांश, लक्षणावरून थेट दुरुस्तीकडे न जाता प्रत्येक परीक्षेने एकेक कारण वगळीत जाणे, हाच या निदानाचा पाया होय.