नापास झाली म्हणजे खोटारडी ठरली का?

मागे आमच्या कार्यक्रमासाठी एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी अमेरिकेतच जन्मली, तिथंच वाढली. पोलीस व्हायचं तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, मुलाखतही चांगली झाली. पण पॉलिग्राफ चाचणीत ती नापास झाली. ताईंनी हळूच विचारलं, "तिनं आमच्यापासून काही लपवलं असेल का हो?" आज आपण त्याच प्रश्नाबद्दल बोलू या.

आपल्याकडे पोलीस भरती म्हटली की मुलींना 800 मीटर धावणं, गोळाफेक आणि लेखी परीक्षा आठवते. अमेरिकेत मात्र बऱ्याच पोलीस खात्यांत आणि एफबीआयमध्ये उमेदवाराला पॉलिग्राफलाही बसवतात. छातीला आणि पोटाला पट्टे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना तारा. मग विचारतात, कधी नशा केलीत का, चोरी केलीत का, अर्जात काही लपवलंत का.

हे यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम टिपतं. खोटं टिपत नाही. खोटं बोलणारा घाबरतो, असं धरून चाललेलं असतं. पण खरं बोलणाऱ्या माणसालाही नोकरी हातची जाईल म्हणून घाम फुटतोच की! तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं 2003 साली सांगितलं, की कर्मचारी पारखण्यासाठी या चाचणीवर विसंबावं इतकी ती अचूक नाही. 1988 च्या कायद्यानं बहुतेक खासगी मालकांना ती वापरायला बंदी आहे. सरकारी खात्यांना मात्र सूट आहे. उलट उदाहरणही ऐका. सीआयएमधला आल्ड्रिच एम्स सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करत असताना 1986 आणि 1991 अशा दोन्ही वेळी या चाचणीतून सुटला.

मग नापास झालेल्या मुलीनं काय करावं?

त्याच दिवशी सगळं लिहून काढावं. कोणते प्रश्न आले, आपण काय उत्तर दिलं, कुठं अडखळलो, झोप झाली होती का, कोणती औषधं चालू होती. दोन आठवड्यांनी यातलं निम्मंही आठवत नाही.

नकाराचं पत्र नीट वाचावं. फेरचाचणी किंवा अपील करता येतं का, मुदत किती, हे खात्याला लेखी विचारावं. प्रत्येक खात्याचा नियम वेगळा असतो.

एखादी गोष्ट सांगायची खरोखरच राहिली असेल, तर ती स्वतःहून कळवावी. गोष्ट गंभीर असेल, तर आधी वकिलाला विचारावं. पण "काहीतरी सांग, म्हणजे सुटशील" अशा दडपणाखाली न केलेली चूक कबूल करू नये. यंत्रावरच्या रेघांपेक्षा तोंडून गेलेला शब्द जास्त नडतो.

दुसऱ्या खात्यात अर्ज करताना "आधी पॉलिग्राफ झाली का?" असं विचारतात. तिथं खरंच लिहावं. नापास होणं समजून घेणारे भेटतील, पण लपवणं पकडलं गेलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. यंत्राला चकवायच्या युक्त्यांच्या नादी तर लागूच नये. सगळीच खाती ही चाचणी घेत नाहीत, तेव्हा एका नकारानं वाट संपत नाही.

आणि ताई, तुमच्यासाठी एक गोष्ट. त्या खोलीत तिला अनोळखी माणसानं तासन्‌तास तेच तेच विचारलंय. घरी आल्यावर पुन्हा तीच उलटतपासणी नको. "काय लपवलंस?" असं विचारण्याऐवजी "जेवलीस का? मग सांग काय झालं ते," एवढंच म्हणा. लेकीला तुम्ही जन्मापासून ओळखता, यंत्रानं तिला एकच दिवस पाहिलंय.