अंबरनाथहून कुठलं विमानतळ जवळ?

शेजारच्या काकूंना मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला जायचंय. एकट्या, सोबत डिंकाच्या लाडवांची जड बॅग. त्यांनी विचारलं, "तू अंतरांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, तिकीट मुंबईहून काढू की नवी मुंबईहून?" २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली, तेव्हापासून आपल्या अंबरनाथ पश्चिमेत हा प्रश्न घरोघरी आहे.

आधी सरळ रेषेतलं अंतर काढू. तुम्हीही कागद घ्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. रेखांशाचा एक अंश आपल्या भागात सुमारे १०५ किमी. अंबरनाथ स्टेशन साधारण १९.२१ उत्तर, ७३.१८ पूर्व. नवी मुंबई विमानतळ १८.९९, ७३.०७. म्हणजे आपण ०.२२ अंश दक्षिणेला जायचं (२४ किमी) आणि ०.११ अंश पश्चिमेला (१२ किमी). आता शाळेतला पायथागोरस लावा. उत्तर येतं सुमारे २७ किमी. याच रीतीने मुंबईचं विमानतळ (१९.०९, ७२.८७) भरतं ३५ किमी. दोन विमानतळांमधलं अंतर २४ किमी.

म्हणजे नवी मुंबई जवळ. झालं? नाही. कारण काकू काही कावळा नाहीत.

लोकलने निघालात तर काय होतं बघा. अंबरनाथ ते ठाणे रुळांवरून सुमारे २६ किमी. नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल तिथे बदलायची. पण ठाण्याहून नवी मुंबई विमानतळ सरळ रेषेत अजून २४ किमी उरतंच! २६ किमी प्रवास केला आणि जवळ आलो फक्त ३ किमी. आधी पश्चिमेला, मग दक्षिणेला, मग परत पूर्वेला, असा हा वळसा.

उलट घाटकोपरला उतरलात तर सुमारे ४० किमी प्रवासानंतर मुंबई विमानतळ सरळ रेषेत ४ किमीवर असतं. तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ मध्ये बदल, की पुढचंच स्टेशन टी-२. जे नकाशावर लांब, ते रुळांवरून सोपं. आमच्या विषयात सरळ अंतर आणि जाळ्यावरचं अंतर यांत फरक करतात, तो हाच.

रस्त्याने गेलात तर पारडं पुन्हा फिरतं. काटई, शिळफाटा, तळोजा या वाटेने नवी मुंबई जवळच पडते. पण शिळफाट्याची कोंडी तुम्हाला मी काय सांगू! इथे दुसरी गोष्ट लक्षात घ्या: सरासरी वेळ फसवी असते. समजा, दहा खेपांपैकी नऊ वेळा सव्वा तास लागला आणि एकदा अडीच तास. सरासरी येते सुमारे ८३ मिनिटं. पण काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होतो आणि तो तुमची सरासरी विचारत नाही. म्हणून ऑफिसला जाताना सरासरी धरा, विमानाला जाताना वाईटातला वाईट दिवस धरा. या दोन वेळांमधला फरक म्हणजे हाताशी ठेवायचा जादा वेळ. संशोधनात त्याला 'बफर' म्हणतात.

म्हणून काकूंना मी उलटा प्रश्न विचारला: विमान किती वाजता?

पहाटेचं असेल तर रात्री अडीचला ना लोकल ना मेट्रो. गाडीच करावी लागणार. रस्ताही त्यातल्या त्यात मोकळा असतो. तेव्हा नवी मुंबई. दुपारचं असेल आणि सामान हलकं, तर लोकल-मेट्रोने मुंबई. मात्र सकाळी आठच्या लोकलमध्ये बॅग घेऊन चढायचा विचारही करू नका.

काकूंनी पहाटेचं तिकीट काढलं, नवी मुंबईहून. लाडू हलके होणार नव्हतेच.

तुम्ही कसे जाता? निघण्याची आणि पोचण्याची वेळ दहा खेपा लिहून ठेवा. सर्वांत मोठा आकडा तुमचा.