घट फुटल्यानंतरचा अभाव आणि कर्नलमधली आवराआवर

मागच्या वेळी आपण प्रोसेस म्हणजे काय ते पाहिलं. त्यात एक प्रश्न राहून गेला होता : प्रोग्राम संपला की त्यानं घेतलेल्या मेमरीचं काय होतं? उत्तर सोपं आहे. कर्नल (लष्करातला नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती परत घेतो. लॉजची खोली सोडताना आपण चादरी धुवून ठेवत नाही, तसंच ते. पण कर्नलनं स्वतःच्या कामासाठी घेतलेली मेमरी? त्याच्यामागून आवरायला कोणी येत नाही. एखादा ड्रायव्हर दर खेपेला शंभर बाइट घेऊन परत करायला विसरला, तर ते मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत अडकून राहतात. महिनोन्‌महिने न थांबणाऱ्या सर्व्हरवर ही गळती एक दिवस सगळं गिळते.

लिनक्सचं उदाहरण घेऊ. ड्रायव्हर सुरू होताना आधी केमॅलॉकनं मेमरी मागतो, मग उपकरणाचे रजिस्टर जोडून घेतो, मग इंटरप्ट नोंदवतो, आणि मग आणखी काही. समजा चौथी पायरी फसली. आता आधीच्या तिन्ही गोष्टी परत करायच्या, आणि त्या उलट्या क्रमानं. मांडव उतरवताना आधी दिवे काढतात, मग कापड, शेवटी वासे. इथे हा नुसता टापटिपीचा भाग नाही. मेमरी आधी सोडली आणि इंटरप्ट चालूच राहिला, तर तो मधेच येईल आणि जी जागा आपली राहिलेली नाही तिथे लिहून जाईल.

ही आवराआवर लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी ‘गोटू’नं होते. फंक्शनच्या तळाशी लेबलं मांडलेली असतात. जिथे चूक होईल तिथून योग्य लेबलावर उडी मारायची आणि खाली घसरत एकेक गोष्ट सोडत जायचं. याच गोटूवर एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी 1968 साली जाहीर पत्र लिहून कडक टीका केली होती. (पत्राचा गाजलेला मथळा त्यांचा नव्हे, संपादक निक्लाउस विर्त यांचा!) आम्हाला विचाराल तर इथे गोटू वापरणाऱ्यांचं बरोबर आहे. सी भाषेत आपोआप आवरणारी सोय मुळात नाही, आणि तीच साफसफाई पाच ठिकाणी लिहिली की सहाव्या बदलात एक जागा हमखास सुटते.

आता आमच्या विषयाकडे येऊ. नैयायिकांनी अभावाचे प्रकार केले. घट घडण्यापूर्वी असतो तो प्रागभाव, घट फुटल्यावर येतो तो प्रध्वंसाभाव. दोन्हीकडे घट नाहीच. पण ‘नाही’ची जात वेगळी. कर्नलमध्ये हा भेद जिवावरचा ठरतो. मेमरी कधी मिळालीच नाही तर पॉइंटर ‘नल’ असतो, आणि नल पॉइंटर केफ्रीला दिला तरी काही बिघडत नाही. पण मेमरी सोडून दिल्यावर पॉइंटरमध्ये जुना पत्ता तसाच राहतो. वस्तू गेली, नाव उरलं. तोच पत्ता पुन्हा केफ्रीला दिला की दुहेरी मुक्ती, आणि वाचायला-लिहायला वापरला की त्याहून वाईट. कारण इथे नैयायिकांचा घट आपली साथ सोडतो : फुटलेला घट परत येत नाही, पण सोडलेली जागा कर्नल दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. हल्लेखोर नेमका याच फटीतून तिथे आपला मजकूर घुसवतात. सोडल्याबरोबर पॉइंटर नल करावा, असं सांगतात. ठीक आहे, पण त्यानं एकच नाव पुसलं जातं. त्याच पत्त्याची दुसरी प्रत आणखी कुठे ठेवलेली असेल तर?

म्हणून खरा प्रश्न मालकीचा आहे. सोडायची जबाबदारी कोणाची? 2023 मध्ये, 6.5 या आवृत्तीत, लिनक्सनं यासाठी नवी सोय आणली. व्हेरिएबल जाहीर करतानाच त्यावर खूण करायची. ते ज्या कंसात आहे तो कंस संपला की कंपायलर स्वतः साफसफाईचं फंक्शन बोलावतो. वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायची असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि त्या क्षणी आपल्याकडचा पॉइंटर नल होतो. मालकी गेली, नावही गेलं. आम्हाला हे फार आवडलं.

पण क्रमाचा पेच इथेही सुटत नाही. ही सफाई व्हेरिएबल ज्या क्रमानं जाहीर केले त्याच्या उलट होते, वस्तू प्रत्यक्ष कधी मिळाली ते कंपायलर पाहत नाही. जुन्या सवयीनं सगळे व्हेरिएबल फंक्शनच्या माथ्यावर नल करून ठेवले, मग लॉक घेतलं आणि त्यानंतर मेमरी मिळवली, तर शेवटी लॉक आधी सुटतं आणि मेमरी नंतर, लॉकशिवाय सोडली जाते. म्हणून व्हेरिएबल जिथे वस्तू मिळते तिथेच जाहीर करायचा. आणि एकाच फंक्शनात ही नवी पद्धत आणि गोटू एकत्र करायचे नाहीत, हे कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे.